दोन मिनिटांत अकरा माणसं

प्रति,
माननीय सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी
आणि ग्रामसभेला येणारे व न येणारे सर्व ग्रामस्थ

रामकृष्ण हरी.

गेल्या १५ ऑगस्टपासून आजपर्यंत आपल्या गावातली अकरा माणसं गेली. नऊशे वस्तीच्या गावाला अकरा म्हणजे थोडी नाहीत. त्यांतल्या सहा जणांसाठी आपण २६ जानेवारीच्या सभेत दुखवट्याचा ठराव केला, उरलेल्यांसाठी येत्या १५ ऑगस्टला करू. ठरावाची भाषा मला पाठ आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षक म्हणून बत्तीस वर्षं कुठल्या ना कुठल्या गावच्या ग्रामसभेत मी ती ऐकली आहे: ‘मागील सभेपासून आजअखेर दिवंगत झालेल्या सर्व ज्ञात-अज्ञात व्यक्तींना ही सभा भावपूर्ण श्रद्धांजली अर्पण करते.’ मग सगळे उभे राहतात, माना खाली जातात, कुणीतरी ‘ओम शांती’ म्हणतं, खुर्च्या वाजतात आणि पुढचा विषय पुकारला जातो. दोन मिनिटं म्हणतात, पण तेवढीही होत नाहीत.

त्या सहा जणांत माझी आई होती. एका सदस्यानं मायेपोटी उठून सांगितलं की गुरुजींच्या मातोश्रींचा वेगळा उल्लेख व्हावा. तसा झाला. पुढे एका कामासाठी मी प्रोसिडिंग चाळलं, तेव्हा त्यात तेवढंच लिहिलेलं दिसलं: ‘गुरुजींच्या मातोश्री’. तिचं नाव नाही. यात दोष कुणाचा असेल तर माझा आहे. मी समोरच बसलो होतो. उठून नाव सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं, पण आईचं नाव चारचौघांत उच्चारायची आपल्याला सवयच नाही. आयुष्यभर ती कुणाची तरी सून, कुणाची तरी कारभारीण, मग गुरुजींची आई. गेल्यावरही तेच.

म्हणून हे पत्र. मागणी आधीच सांगतो. दुखवट्याचा ठराव यापुढे असा एका ओळीत उरकू नये. गेलेल्या प्रत्येक माणसाचं स्वतःचं नाव सभेत मोठ्यानं घेतलं जावं, त्याच्या आयुष्याबद्दल पानभर मजकूर वाचला जावा आणि तो ग्रामपंचायतीत कायमच्या वहीत राहावा. सुरुवात या अकरा जणांपासून व्हावी. हे पत्र उघडं आहे, चार गावांत फिरेल, म्हणून मी इथे कुणाचंच नाव लिहिलेलं नाही, आईचंही नाही. नावं सभेत, घरच्यांच्या संमतीनं घ्यावीत.

वहीत काय लिहायचं असं कुणी विचारेल, म्हणून आईचंच सांगतो.

गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. त्याच्या पोटाखालच्या विहिरीवर आपल्या नळपाणी योजनेची मोटर बसवलेली आहे. तलाव १९७२ च्या दुष्काळातला, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण तो बांधला कुणी? माझी आई त्या कामावर होती. वय पंचविशीच्या आसपास, मी सहा वर्षांचा, धाकटा भाऊ बाभळीला बांधलेल्या झोळीत. सकाळी खडी फोडायची, दुपारनंतर मातीच्या पाट्या. खडीचा कपचा उडून तिच्या डाव्या भुवईत गेला होता, ती खूण शेवटपर्यंत होती. कामावर सुकडी मिळायची, त्यातली निम्मी ती पदराला बांधून माझ्यासाठी आणायची. घरी मिलोच्या लालसर भाकरी असायच्या. त्या गिळताना घशाला कशा लागायच्या ते मला अजून आठवतं.

तिच्या टोळीत बायकाच तीसेक होत्या. आईला सगळ्यांची नावं पाठ होती. आमच्या घरात पाणी भरताना, निवडताना, टिपताना ती ती नावं घेई: कोण कुठल्या वाडीची, कोणाला कितवा महिना होता, कोण पाटी डोक्यावर असतानाच चक्कर येऊन पडली. मी मास्तर माणूस. हजारो पोरांची नावं मी हजेरीत लिहिली, पण ही तीस नावं लिहून घेतली नाहीत. आता त्यांतली सात-आठ तेवढी आठवतात. शेवटची दोन वर्षं आईला माणसं ओळखू येत नव्हती. मला ती भाऊ म्हणायची. पण चैत्र लागला की विचारायची, ‘तळ्यात पाणी किती हाय?’

त्या टोळीतल्या दोघी अजून आहेत. एक खालच्या आळीला, एक लेकीकडे ओतूरला. कुणाला सवड असेल तर या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन या.

सरकारी नोंद होतेच की, असं काही जण म्हणतील. होते. १९६९ च्या कायद्यानं मृत्यूची खबर एकवीस दिवसांत द्यावी लागते आणि आपल्या कार्यालयात ती दिली जाते. आईचा तो अर्ज मीच भरला. नाव, वय, लिंग, तारीख, ठिकाण, व्यवसाय, मृत्यूचं कारण. मग पुढे विचारलेलं असतं की धूम्रपानाची सवय होती का, किती वर्षं. तंबाखू किती वर्षं. सुपारी किती वर्षं. दारू किती वर्षं. आरोग्य खात्याला ही माहिती लागते आणि ती घ्यायलाच हवी. पण ‘तंबाखू: ४० वर्षे’ असं लिहून झाल्यावर मी पेन हातात धरून बसलो. पुढे लिहायला रकाना नव्हता. व्यवसायापुढे ‘घरकाम’.

वयाचंही तसंच. आपल्या गावातल्या सत्तरीपुढच्या कितीतरी माणसांची जन्मतारीख १ जून आहे. त्या काळी आई-बाप ‘आखाडात झाला’, ‘मोठ्या पुराच्या साली झाली’ असं सांगत, आणि शाळेत नाव घालताना गुरुजी जनरल रजिस्टरला १ जून टाकून देत. तसं करणाऱ्यांच्या परंपरेतला मीही एक. आता माणूस गेल्यावर त्याचं वयही त्याच तारखेवरून लिहिलं जातं. जन्मतारीख आम्ही आमच्या सोयीनं लिहिलेली असते, आणि मधल्या आयुष्याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नसतं.

२०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तहसील कचेरीत काय गर्दी होती, आठवा. जन्म-मृत्यूच्या नोंदींची जुनी कोतवाल बुकं, गाव नमुना १४, मोडी वाचणाऱ्यांभोवती माणसांचा गराडा. मीही दोन-चार जणांबरोबर गेलो होतो. एकाच्या पणजोबाची मृत्यूची नोंद सापडली. एक ओळ, त्यात नाव, बापाचं नाव, जात, दिवस आणि ‘ताप’. दाखल्याचं काम झालं, पण तो गडी तिथून हलेना. त्या ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, ‘गुरुजी, हा काय करत असंल वो?’ मी काय सांगणार? त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. अजून साठ-सत्तर वर्षांनी आपल्यातल्या कुणाच्या तरी पणतूनं असं बोट ठेवून विचारलं, तर त्याला उत्तर मिळावं, एवढ्यासाठी मी ही वही मागतो आहे.

मारुतीच्या देवळामागे तीन वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढणारा किंवा पडलेला माणूस, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, शेंड्याला चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेपर्यंत त्याची आठवण राहावी म्हणून कुणीतरी पैसे खर्च करून दगड घडवला, गाड्यावर घालून आणला, उभा केला. पण तिन्हीवर एकही अक्षर नाही. तो कोण होता ते आज कुणालाच ठाऊक नाही. आता सहलीचं आठवा. दर वर्षी मी मुलांना नाणेघाटात न्यायचो. तिथल्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या फुटल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. पण वर कोरलेली नावं शिल्लक आहेत: सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका. राजाचं काय, त्याचं कुणीही कोरेल, असं एकदा सहावीतल्या एका मुलीनं मला तिथेच सुनावलं होतं. तिला मी परतीच्या वाटेवर सांगितलं की आपल्याच जुन्नरच्या लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघानं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाकं, दान दिल्याचं कोरलेलं आहे, आणि बांबूकाम करणाऱ्यांचा, कासारांचाही उल्लेख आहे. दोन हजार वर्षांमागे आपल्या तालुक्यातल्या कामकरी माणसांना आपण केलेलं काम लिहून ठेवावंसं वाटलं.

मग सुईण आजीचं काम आपण लिहायला नको?

पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं की पलीकडच्या वाड्यांतून कंदील हलवून खूण करायचे आणि ही बाई कमरेएवढ्या पाण्यातून जायची. दवाखाना ओतूरला, रस्ता नाही, एसटी नाही. पुढे सरकारी दाई प्रशिक्षण झालं, तेव्हा मिळालेली पेटी तिनं शेवटपर्यंत घासून-पुसून ठेवली होती. किती बाळंतपणं केली हे तिलाही ठाऊक नव्हतं. ती गेल्यावर आम्ही तिघं एका संध्याकाळी पारावर बसलो आणि घरोघर आठवत मोजायला लागलो. १४० पर्यंत गेलो आणि दिवाबत्तीची वेळ झाली. माझी दोन्ही मुलं त्या १४० मध्ये आहेत. विद्यमान ग्रामपंचायतीतले किती सदस्य आहेत, ते त्यांनी आपापल्या आईला विचारावं.

आणि हेही वहीत लिहायला हवं: एरवी ज्या घरांनी तिला ओसरीच्या पुढे येऊ दिलं नाही, त्याच घरांच्या माजघरात ती त्या रात्री होती. नाळ कापली की दुसऱ्या दिवशी पुन्हा ओसरीबाहेर. मोबदला खण-नारळ आणि पायलीभर भात. ती गेली त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर तिचा फ्लेक्स लागला नाही. दहाव्याला नदीवर तिच्या घरची माणसं आणि आम्ही पंधरा-वीस जण. चार दिवसांनी त्याच घाटावर दुसरा दहावा झाला, तेव्हा तालुक्यातून गाड्या आल्या, प्रवचन झालं आणि पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं तासभर चालली. त्या घराचं दुःख खरंच होतं, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण एकाला तास आणि एकीला काहीच नाही, ही तफावत ग्रामसभेनं तरी ठेवू नये. ग्रामसभेत सगळ्यांचं मत सारखं धरतात, मग मरणही सारखं धरावं.

कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काम केलेल्या आबांबद्दल तरुणांना एवढंच माहीत होतं की ते काकड्याला वीणा घेऊन उभे राहायचे. चौदाव्या वर्षी ते मुंबईला गेले. लालबागला एका गाळ्यात आपल्या पट्ट्यातली वीस-बावीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची, खाणावळीत जेवायची. त्यांतल्या निम्म्यांना लिहिता येत नव्हतं. रविवारी आबा दारात बसून सगळ्यांची पत्रं लिहायचे आणि गावाकडून आलेली वाचून दाखवायचे. कोणाच्या घरी काय चाललंय, कर्ज किती, कोण रुसून माहेरी गेली, सगळं त्यांच्या हातून गेलेलं. यातली एक गोष्टही त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाची वर्गणी आणि हिशेब त्यांच्याकडे होता. आपल्या शाळेची दुसरी खोली त्या वर्गणीतून झाली, खिशाला आठ-आठ आणे लागून. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वर्षभर वाट पाहून ते एक ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. ट्रंकेत त्या मंडळाच्या वह्या होत्या. त्यांच्या मुलानं मला दाखवल्या. एका-एका पैशाचा मेळ आहे. त्या वह्या घरात पाण्या-वाळवीच्या तोंडी पडण्याआधी त्यांचं काहीतरी करा, ही वेगळी विनंती.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यांच्या घरच्यांना जास्त ठाऊक आहे आणि पान त्यांनीच लिहावं. वरच्या वाडीतले बाबा, हिरड्याच्या झाडाच्या शेंड्याला शेवटपर्यंत चढणारे; रायभोग आणि जिरवेल या भातांचं बी त्यांनी कणगीत जपलं होतं, ते सध्या कुणाकडे आहे याचा तपास लागायला हवा. दवंडी देणारे आपले कोतवाल. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताई, ज्यांना न सांगता कळायचं की आज कोणतं पोर उपाशी आलंय. त्याच्या ताटात त्या दोनदा वाढायच्या आणि माझ्याकडे बघायच्याही नाहीत. आठ वर्षं अंथरुणावर असलेले नाना, ज्यांना आजच्या पोरांनी फक्त खाटेवर पाहिलं. ते एके काळी शर्यतीच्या घाटात बैलगाड्यापुढे घोडीवर असायचे, आणि त्यांच्या पानावर खाटेआधी घोडी यावी.

तीन पानं अवघड आहेत.

एक तो चोवीस वर्षांचा मुलगा, जो हायवेला गेला. त्यानं अजून काय केलं होतं, असं त्याच्या चुलत्यानंच मला विचारलं. दूध घालायला पहाटे जायचा. दहावीच्या परीक्षेला वाडीतल्या पोरींना सेंटरवर नेऊन सोडायचा, पेपर सुटेपर्यंत झाडाखाली थांबायचा आणि परत आणायचा. तीन वर्षं. त्यांतल्या दोघी आज नर्सिंगला आहेत. हे कमी आहे का?

दुसरं, ज्यांनी स्वतःच जीवन संपवलं त्या शेतकऱ्याचं. माझं मत असं की मरण कसं आलं ते वहीत नको. ते पंचनाम्यात आहे, तहसीलदारांकडे आहे. वहीत त्यांची द्राक्षबाग यावी, छाटणी शिकायला आजूबाजूच्या गावांतून माणसं त्यांच्याकडे यायची ते यावं, आणि मुलींच्या वेण्या ते स्वतः घालायचे हे यावं. पण मी म्हणतो म्हणून नव्हे. त्यांच्या पत्नी म्हणतील तसं.

तिसरं नऊ दिवसांच्या बाळाचं. बारसं व्हायचं होतं. आजीनं नाव ठरवून ठेवलं होतं असं ऐकतो. त्याच्या आईला विचारायचं धाडस मला झालेलं नाही. तिची इच्छा असेल तर त्या पानावर ते नाव असावं. बाकी पान कोरं राहिलं तरी चालेल.

ठरावाचा मसुदा असा सुचवतो. शब्द तुम्ही बदला, आशय बदलू नका:

‘गावठाण, सर्व वाड्या व वस्त्यांवर राहणारी, किंवा कामानिमित्त बाहेर असलेली पण या गावची म्हणून ओळखली जाणारी कोणतीही व्यक्ती मरण पावल्यास, त्यानंतरच्या ग्रामसभेत तिचे स्वतःचे नाव घेऊन तिच्या आयुष्याविषयीची टिपणी वाचली जाईल व ती कायमस्वरूपी वहीत नोंदवली जाईल. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे नाव व गावही लिहिले जाईल. टिपणी आधी घरच्यांना दाखवली जाईल. घरच्यांची इच्छा नसल्यास फक्त नाव वाचले जाईल.’

वेळेचा प्रश्न निघेल. एका माणसाला दोन मिनिटं धरली तर अकरा जणांना बावीस मिनिटं लागतात. गटाराच्या निधीवर आपण याहून जास्त बसलो आहोत. वादाचा प्रश्नही निघेल. भाऊबंदकी आहे, बांधाचे दावे आहेत, कुणाबद्दल चार ओळी जास्त आल्या तर तोंडं फिरतील. त्याला माझ्याकडे एक साधा उपाय आहे. ‘मनमिळाऊ’, ‘धार्मिक वृत्तीचे’, ‘कधीही न भरून येणारी पोकळी’ हे शब्द वहीत घ्यायचे नाहीत. त्या माणसानं हातांनी काय केलं, काय शिकवलं, कुणाला काय दिलं, तेवढंच लिहायचं. कामावर भांडण होत नाही, विशेषणांवर होतं. लिहिण्याचं म्हणाल, तर आठवी ते दहावीतली मुलं दोघादोघांनी एकेका घरी जातील आणि विचारून येतील. त्यांना प्रश्न कसे विचारायचे ते मी शिकवीन. शुद्धलेखन मी तपासीन. वही मी घेतली आहे, दोनशे पानी, कापडी बांधणीची. ती कार्यालयात शिपायांकडे ठेवली आहे.

आपला,
गावच्या शाळेतला निवृत्त शिक्षक

ता. क. अकरा जण म्हणालो आणि दहांबद्दलच लिहिलं. अकरावी ती मारुतीच्या देवळात राहणारी बाई. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी आषाढीनंतर ती आली, कदाचित कुठल्या तरी दिंडीतून चुकून मागे राहिली असेल. बोलायची नाही. पहाटे देवळाचा परिसर झाडून काढायची. गावानं तिला जेवू घातलं, पातळं दिली, आणि गेली तेव्हा अग्नीही गावानंच दिला. ठरावातली ‘अज्ञात’ व्यक्ती खऱ्या अर्थानं तीच. आपण तिला हाक मारायचो ते नाव आपण ठेवलेलं, तिचं नव्हे. तिच्या उजव्या हातावर गोंदलेलं होतं. खालच्या आळीतल्या एका सुनेला त्यात अक्षरं दिसल्याचं आठवतं, पण कोणती ते आठवत नाही. झोपेत ती काहीतरी पुटपुटायची, असं देवळात मुक्कामाला राहिलेल्या भजनी मंडळींतले दोघं सांगतात. तुमच्यापैकी कुणी ते गोंदण जवळून पाहिलं असेल, किंवा तिच्या तोंडचा एखादा शब्द ऐकला असेल, तर १५ ऑगस्टच्या आत मला येऊन सांगा. मी संध्याकाळी पाचनंतर घरीच असतो.